हार्डवेअर बदलले तरी नाव कायम : सर्व्हरच्या नेटवर्क इंटरफेसचे नामकरण

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेतील सर्व्हरकडे एरवी कोणाचे लक्ष जात नाही. विद्यार्थ्यांचे संगणक त्याच्यामार्फत इंटरनेटला जोडलेले असतात, ग्रंथालयाची सूची त्याच्यावर असते, प्रवेश-अर्ज आणि अंतर्गत मूल्यमापनाचे गुण त्याच्यावर साठवलेले असतात. तो चालू आहे तोवर त्याच्याकडे पाहण्याचे कारणच पडत नाही. मग एखाद्या पावसाळ्यात वीज कडाडते, बाहेरून आलेल्या तारेवाटे दाब आत शिरतो आणि लॅन कार्ड जळते. बाजारातून नवे कार्ड आणून बसवले जाते. सर्व्हर व्यवस्थित सुरू होतो, परंतु प्रयोगशाळेतील एकही संगणक नेटवर्कवर येत नाही. कार्ड चांगले आहे, केबल चांगली आहे, सर्व्हरवरील एकही फाइल पुसली गेलेली नाही. बदलले आहे ते फक्त एक नाव.

प्रस्तुत लेखात या नावाचा विचार केला आहे. लिनक्स प्रणालीवर चालणारा सर्व्हर आपल्या नेटवर्क इंटरफेसना नावे कशी देतो, हार्डवेअर बदलल्यावर ती का बदलतात आणि ती स्थिर ठेवण्यासाठी काय करावे, याचे विवेचन येथे आहे. विषय संगणकाचा असला तरी मूळ प्रश्न नामकरणाचा आहे. म्हणून संगणकशास्त्र न शिकलेल्या शिक्षकालाही तो समजण्यासारखा आहे. तसा तो समजून घेण्याची गरजही आहे. लहान महाविद्यालयांत सर्व्हरच्या देखभालीसाठी स्वतंत्र कर्मचारी क्वचितच असतो. ऐन प्रवेशाच्या किंवा परीक्षेच्या दिवसांत बाहेरच्या तंत्रज्ञाची वाट पाहत दोन दिवस गेले, तर त्याचा फटका विद्यार्थ्यांना बसतो.

पत्ता, क्रमांक आणि नाव

एका इंटरफेसला तीन प्रकारे ओळखले जाते. या तिन्हींतील फरक स्पष्ट असल्याशिवाय पुढचे काही उलगडत नाही.

पहिला आहे मॅक अ‍ॅड्रेस. हा क्रमांक कारखान्यातच कार्डावर नोंदवलेला असतो. तो ४८ बिटांचा असून १२ षोडशमान अंकांत लिहिला जातो. त्यातील पहिला अर्धा भाग साधारणतः उत्पादकाची ओळख सांगतो आणि तो आयट्रिपलई ही संस्था उत्पादकाला नेमून देते. दुसरा आहे आयपी अ‍ॅड्रेस. हा नेटवर्कची व्यवस्था पाहणारा माणूस ठरवतो आणि इतर संगणक सर्व्हरला याच पत्त्यावर शोधतात. तिसरे आहे इंटरफेसचे नाव. हे त्या सर्व्हरवरील प्रणालीनेच दिलेले असते आणि त्या यंत्राच्या बाहेर त्याला काही अर्थ नसतो.

हे तिसरे नाव बाहेर कोणाला ठाऊक नसले तरी सर्व्हरच्या आतील जवळजवळ सर्व व्यवस्था त्याच्या आधारे लिहिलेली असते. अमुक नावाच्या इंटरफेसला हा आयपी अ‍ॅड्रेस द्यावा, अमुक नावाकडून आलेली मागणी फायरवॉलने अडवावी, अमुक नावाच्या बाजूलाच प्रयोगशाळेतील संगणकांना पत्ते वाटावेत, अशी ती वाक्यरचना असते. कर्ता बदलला की वाक्याचा अर्थ बदलतो, हे भाषेच्या शिक्षकांना सांगावयास नको.

उर्दू-अरबी परंपरेत नावाला 'इस्म' आणि ते नाव ज्याचे आहे त्याला 'मुसम्मा' म्हणतात. सर्व्हरवरील सर्व सूचना इस्मला उद्देशून असतात, तर केबल जोडलेली असते मुसम्माला. या दोहोंचे नाते कोणत्या आधारावर जोडायचे, हाच या विषयाचा गाभा आहे. लिनक्सच्या इतिहासात हे नाते तीन वेगवेगळ्या आधारांवर जोडले गेले : येण्याच्या क्रमावर, अंगावरच्या खुणेवर आणि बसण्याच्या जागेवर.

येण्याच्या क्रमावरून नाव

लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, इथरनेट इंटरफेसना सापडतील त्या क्रमाने नावे देतो. पहिला सापडला तो 'ईथ०', दुसरा 'ईथ१', तिसरा 'ईथ२'. ज्या यंत्रात एकच इंटरफेस आहे तेथे ही पद्धत पुरेशी आहे, कारण जो एकटाच आहे तो नेहमी पहिला असणार.

अडचण दोन इंटरफेस असले की सुरू होते. प्रयोगशाळेचा सर्व्हर बहुधा असाच असतो : एक बाजू इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या मोडेमकडे, दुसरी आतल्या स्विचकडे. वर्गात जो आधी येईल त्याला त्या दिवसापुरता हजेरी क्रमांक एक, असा नियम केला तर गुणपत्रकाचे जे होईल तेच येथे होते. पूर्वी यंत्र सुरू होताना एकेक उपकरण ठरलेल्या क्रमाने तपासले जाई, त्यामुळे क्रम सहसा टिकत असे. २००३ च्या डिसेंबरमध्ये कर्नलची २.६ ही मालिका आली आणि त्याच वर्षी ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी 'यूडेव्ह' ही उपकरणांची व्यवस्था मांडली. यानंतर निरनिराळ्या कार्डांचे ड्रायव्हर एकाच वेळी चढू लागले. यंत्र लवकर सुरू होऊ लागले, परंतु कोण आधी सापडेल याची खात्री राहिली नाही. काल 'ईथ०' असलेले कार्ड आज 'ईथ१' होऊ शकते, आणि तेही कोणीही यंत्राला हात न लावता.

अंगावरच्या खुणेवरून नाव

यावर सुचलेला उपाय सरळ होता. प्रत्येक कार्डाला कारखान्याने दिलेला मॅक अ‍ॅड्रेस वेगळा असतो, तर तीच ओळखीची खूण मानून एकदा दिलेले नाव कायमचे नोंदवून ठेवावे. डेबियन, उबुंटू आणि पुढे रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ६ या वितरणांत यूडेव्ह हे काम आपोआप करीत असे. नवे कार्ड दिसले की नियमांच्या एका फाइलमध्ये एक ओळ वाढे : अमुक मॅक अ‍ॅड्रेस असलेल्या कार्डाचे नाव 'ईथ०'. या फाइलच्या नावातच 'पर्सिस्टंट नेट', म्हणजे टिकाऊ नेटवर्क, असे शब्द होते.

क्रमाचा गोंधळ याने मिटला. मात्र प्रस्तावनेत वर्णन केलेली अडचण याच उपायातून निर्माण झाली. जुने कार्ड जळाले तरी त्याची ओळ फाइलमध्ये राहते. त्यामुळे 'ईथ०' हे नाव आता यंत्रात नसलेल्या कार्डासाठी राखून ठेवलेले असते. नवे कार्ड येते, त्याचा मॅक अ‍ॅड्रेस वेगळा असतो, म्हणून त्याला पुढचे मोकळे नाव मिळते : 'ईथ१'. आयपी अ‍ॅड्रेसची सूचना मात्र 'ईथ०' च्याच नावे लिहिलेली. जो हयात नाही त्याच्या नावे पत्र येत राहावे आणि घरात राहणाऱ्याला काहीच मिळू नये, तशी ही स्थिती होते. अशा जुन्या सर्व्हरवर उपाय सोपा आहे : त्या फाइलमधील जळालेल्या कार्डाची ओळ काढून टाकावी, नव्या कार्डाच्या ओळीत 'ईथ०' हे नाव लिहावे आणि सर्व्हर पुन्हा सुरू करावा. रेड हॅट पद्धतीच्या यंत्रांत इंटरफेसच्या स्वतंत्र फाइलमध्येही जुना मॅक अ‍ॅड्रेस लिहिलेला असू शकतो. तोही बदलावा लागतो.

विंडोज वापरणाऱ्यांनाही हा अनुभव नवा नाही. विंडोज एक्सपीच्या काळात लॅन कार्ड बदलले की नवी जोडणी 'लोकल एरिया कनेक्शन २' या नावाने येई आणि तिला जुना आयपी अ‍ॅड्रेस देऊ लागताच तो अ‍ॅड्रेस आता न दिसणाऱ्या दुसऱ्या कार्डाच्या नावे असल्याची सूचना पडद्यावर येई. कारण तेच होते : गेलेल्या उपकरणाची नोंद मागे राहिलेली असे.

मॅक अ‍ॅड्रेसवर सर्वस्वी विसंबण्यात आणखी दोन अडचणी आढळल्या. आभासी यंत्रांत मॅक अ‍ॅड्रेस हा सॉफ्टवेअरने दिलेला असतो; अशा यंत्राची नक्कल केली की नव्या प्रतीला नवा मॅक अ‍ॅड्रेस मिळतो आणि तिचा इंटरफेस 'ईथ१' म्हणून उभा राहतो. दुसरी अडचण वेळेची. कर्नल स्वतःही 'ईथ०', 'ईथ१' अशीच नावे देत असल्यामुळे यूडेव्ह एका कार्डाला 'ईथ१' म्हणू पाहतो त्याच क्षणी कर्नलने ते नाव दुसऱ्याला दिलेले असू शकते. एकाच नावासाठी दोघे नाव देणारे झाले की टक्कर होणारच.

बसण्याच्या जागेवरून नाव

तिसऱ्या पद्धतीत कार्डाची खूण सोडून ते यंत्रात कोठे बसले आहे हे पाहिले जाते. डेल कंपनीने तयार केलेल्या 'बायोसडेव्हनेम' या प्रोग्रामने याची सुरुवात केली आणि मे २०११ मध्ये आलेल्या फेडोरा १५ मध्ये तो वापरात आला. जानेवारी २०१३ मध्ये 'सिस्टमडी' या व्यवस्थेच्या १९७ क्रमांकाच्या आवृत्तीत याच विचाराची व्यापक योजना आली. ती रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ७ मध्ये २०१४ साली, उबुंटू १६.०४ मध्ये २०१६ साली आणि डेबियन ९ मध्ये २०१७ साली मूळ पद्धत म्हणून दिसते. आज बहुतेक नव्या सर्व्हरवर 'ईथ०' ऐवजी जी लांबट नावे आढळतात ती या योजनेतील आहेत.

ही नावे प्रथमदर्शनी अवघड वाटली तरी त्यांना व्याकरण आहे. सुरुवातीची दोन अक्षरे प्रकार सांगतात : 'ईएन' म्हणजे इथरनेट, 'डब्ल्यूएल' म्हणजे वायरलेस. पुढचे अक्षर जागा कशी ओळखली ते सांगते. 'ईएनओ१' म्हणजे मदरबोर्डवरच असलेला आणि बायोसने पहिला म्हणून सांगितलेला इंटरफेस. 'ईएनएस१' म्हणजे पहिल्या क्रमांकाच्या स्लॉटमधील कार्ड. बायोसकडून अशी माहिती मिळाली नाही तर 'ईएनपी३एस०' असे नाव तयार होते; त्याचा अर्थ पीसीआय बस क्रमांक ३ वरील ० क्रमांकाचे उपकरण. एकाच कार्डावर दोन पोर्ट असतील तर शेवटी 'एफ०' आणि 'एफ१' जोडले जाते. मॅक अ‍ॅड्रेसवरून बनणारे 'ईएनएक्स' ने सुरू होणारे नावही या योजनेत आहे, पण पीसीआय कार्डांसाठी ते आपोआप वापरले जात नाही.

या पद्धतीचा मोठा गुण हा की जळालेले कार्ड काढून त्याच स्लॉटमध्ये तसेच नवे कार्ड बसवले तर नाव तेच राहते. कोठली ओळ पुसावी लागत नाही, कोठे नवा क्रमांक लिहावा लागत नाही.

मात्र येथेही एक मेख आहे. मराठीत गावावरून आडनाव पडते आणि कोकणातील मुसलमान कुटुंबांतही 'कर' लागणारी आडनावे आहेत. सोलापूरकर कुटुंब तीन पिढ्यांपूर्वी इंदूरला गेले तरी सोलापूरकरच राहते, कारण आडनाव एकदा पडले की ते जागेपासून सुटते. सर्व्हरवरील जागेचे नाव तसे नाही. यंत्र दर वेळी सुरू होताना जागा नव्याने वाचते आणि नाव नव्याने देते. पीसीआय बसचे क्रमांकही दर वेळी नव्याने मोजले जातात. कोणी सर्व्हरमध्ये जलद साठवणुकीसाठी एनव्हीएमई डिस्क किंवा ग्राफिक्स कार्ड बसवले आणि ते मोजणीत लॅन कार्डाच्या आधी आले, तर पुढचे सर्व क्रमांक एकाने सरकतात. लॅन कार्डाला कोणी स्पर्शही केलेला नसतो, तरी 'ईएनपी३एस०' चे 'ईएनपी४एस०' होते. मदरबोर्ड बदलला तर सर्वच मांडणी बदलते. त्यातच नावे बनवण्याचे बारीक नियम सिस्टमडीच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत बदलले आहेत. म्हणून २०१८ अखेरच्या २४० व्या आवृत्तीपासून 'कोणत्या आवृत्तीचे नियम पाळायचे' हे सांगण्याची सोय ठेवावी लागली.

कोणत्या बदलात काय टिकते

तिन्ही पद्धतींची तुलना पुढीलप्रमाणे करता येईल.

१. त्याच स्लॉटमध्ये नवे कार्ड : जागेवरून दिलेले नाव टिकते, मॅक अ‍ॅड्रेसवरून दिलेले टिकत नाही.

२. तेच कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये : मॅक अ‍ॅड्रेसवरून दिलेले नाव टिकते, जागेवरून दिलेले टिकत नाही.

३. जादा डिस्क किंवा कार्ड बसवणे : मॅक अ‍ॅड्रेसवरून दिलेले नाव टिकते, जागेवरून दिलेले बदलू शकते.

४. मदरबोर्ड बदलणे : त्यावरच्या इंटरफेसचा मॅक अ‍ॅड्रेस बदलतो. तोच मॉडेल असेल तर 'ईएनओ१' सारखे नाव टिकण्याची शक्यता असते. वेगळा असेल तर नसते.

५. डिस्क काढून दुसऱ्याच यंत्रात बसवणे : कोणत्याही नावावर भरवसा ठेवता येत नाही.

६. येण्याच्या क्रमावरून दिलेले नाव : एकच इंटरफेस असेल तर टिकते, अनेक असतील तर कोणत्याही प्रसंगी बदलू शकते.

यावरून दिसते की प्रत्येक आधार काही बदलांत उपयोगी पडतो आणि काही बदलांत दगा देतो. सर्व प्रसंगांना पुरेल असा आधार हार्डवेअरमध्ये नाही.

नाव चुकले तर काय बिघडते

सर्वांत सौम्य परिणाम म्हणजे नेटवर्क बंद पडणे. सूचना ज्या नावासाठी आहे ते नाव यंत्रात नाही, म्हणून आयपी अ‍ॅड्रेस कोणालाच मिळत नाही. काही यंत्रे सुरू होताना त्या नावाच्या इंटरफेसची दोन मिनिटांपर्यंत वाट पाहतात आणि मग तशीच पुढे जातात. हा दोष निदान लगेच लक्षात येतो.

दोन नावांची अदलाबदल होणे अधिक वाईट. आतल्या बाजूचे नाव बाहेरच्या कार्डाला मिळाले तर प्रयोगशाळेतील संगणकांना पत्ते वाटणारी डीएचसीपी सेवा इंटरनेट कंपनीच्या दिशेने पत्ते वाटू लागते. फायरवॉलच्या बाबतीत तर धोका गंभीर आहे. 'आतून येणाऱ्याला येऊ द्यावे, बाहेरून येणाऱ्याला अडवावे' हा नियम नावाच्या आधारे लिहिलेला असतो. नावे उलटली की बाहेरच्याला दार उघडे आणि आतल्याला बंद. पहारेकरी प्रामाणिक असतो, फक्त त्याला दिलेल्या यादीत नावे चुकलेली असतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लिनक्सवर दीर्घकाळ वापरात असलेले 'आयपीटेबल्स' हे फायरवॉलचे साधन अस्तित्वात नसलेल्या इंटरफेसच्या नावाचा नियमही निमूटपणे स्वीकारते. नियम यादीत दिसतो, पण तो कोणालाच लागू होत नाही. नव्या 'एनएफटेबल्स' मध्ये दोन प्रकार आहेत : 'आयआयएफ' हा प्रकार इंटरफेस नसल्यास नियम चढवण्यासच नकार देतो, तर 'आयआयएफनेम' हा केवळ नाव जुळवतो आणि इंटरफेस नसला तरी तक्रार करीत नाही. विद्यार्थ्यांचे गुण आणि पालकांचे पत्ते ज्या यंत्रावर आहेत, त्याच्या संरक्षणाचा नियम कागदावर असणे आणि प्रत्यक्षात लागू असणे यांतील फरक म्हणूनच तपासून पाहावा लागतो.

कामावरून नाव

समाजात आणखी एका प्रकारची आडनावे आहेत : काझी, मुजावर, कुलकर्णी, अत्तार, तांबोळी. ही नावे मुळात काम सांगत. गावाच्या व्यवस्थेत माणूस बदलला तरी काम तेच राहत असे. सर्व्हरच्या इंटरफेससाठी हाच विचार सर्वांत उपयोगी ठरतो. कार्ड बदलेल, स्लॉट बदलेल, क्रम बदलेल. 'प्रयोगशाळेकडची बाजू' आणि 'इंटरनेटकडची बाजू' ही दोन कामे मात्र तशीच राहतात. म्हणून नाव कामावरून द्यावे. त्या कामावर सध्या कोणते कार्ड आहे ही नोंद एकाच ठिकाणी ठेवावी आणि बाकी सर्व सूचनांत फक्त कामाचे नाव वापरावे. उर्दूत ज्याला 'इस्म-बा-मुसम्मा', म्हणजे नावाप्रमाणेच असलेला, म्हणतात तसे हे नाव होते.

सिस्टमडी वापरणाऱ्या प्रणालींत याची सोय आहे. 'ईटीसी' या फोल्डरमध्ये 'सिस्टमडी' आणि त्याच्या आत 'नेटवर्क' असे फोल्डर असते. त्यात प्रत्येक इंटरफेससाठी शेवटी 'डॉट लिंक' असलेली एक छोटी फाइल तयार करावी. तिच्यात दोन विभाग असतात. 'मॅच' या विभागात कार्ड कसे ओळखायचे ते लिहायचे, उदाहरणार्थ कायमचा मॅक अ‍ॅड्रेस ००:००:५ई:००:५३:०१. 'लिंक' या विभागात 'नेम' पुढे द्यावयाचे नाव लिहायचे, उदाहरणार्थ 'लॅब०'. दुसऱ्या कार्डासाठी अशीच दुसरी फाइल करून नाव 'बाहेर०' द्यावे. या फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि जी पहिली जुळते तीच लागू होते; म्हणून फाइलच्या नावाच्या आरंभी १० सारखा लहान अंक घालावा, म्हणजे प्रणालीची ९९ क्रमांकाची मूळ फाइल नंतर येईल. उबुंटूच्या २०१७ नंतरच्या आवृत्त्यांत 'नेटप्लॅन' या व्यवस्थेत 'मॅच' आणि 'सेट-नेम' या शब्दांनी हेच काम होते.

नाव निवडताना तीन पथ्ये पाळावीत. पहिले, 'ईथ०' किंवा 'ईएन' ने सुरू होणारे नाव घेऊ नये. ती नावे कर्नल आणि सिस्टमडी स्वतः देत असल्यामुळे पूर्वी सांगितलेली टक्कर पुन्हा उद्भवते. दुसरे, नाव १५ बाइटांपेक्षा मोठे असू नये आणि त्यात जागा सोडू नये. तिसरे, नाव रोमन अक्षरांत लिहावे. युनिकोडच्या यूटीएफ-८ या रूपात देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह, मात्रा आणि हलन्तसुद्धा, ३ बाइट घेते, त्यामुळे १५ बाइटांत पाचच चिन्हे मावतात. शिवाय सिस्टमडी अशी नावे स्वीकारतही नाही. शब्द मात्र मराठी किंवा उर्दू असण्यास काहीच हरकत नाही. 'बाहेर' हे नाव रोमन अक्षरांत लिहिले तरी प्रयोगशाळेतील प्रत्येकाला त्याचा अर्थ कळतो.

कार्ड ओळखण्यासाठी मॅक अ‍ॅड्रेस घ्यावा की जागा, हा प्रश्न उरतो. याचे उत्तर त्या यंत्रात कोणता बदल अधिक संभवतो यावर आहे. विजेच्या दाबाने कार्डे वारंवार जळत असतील आणि यंत्रात दुसरे काही बसवण्याचा विचार नसेल, तर 'मॅच' विभागात जागा लिहिणे सोयीचे; नवे कार्ड त्याच स्लॉटमध्ये बसवले की काम भागते. यंत्रात पुढे डिस्क किंवा इतर कार्डे वाढणार असतील तर मॅक अ‍ॅड्रेस बरा. कार्ड बदलेल त्या दिवशी एका फाइलमधील एक ओळ बदलावी लागेल, इतकेच. दोन पोर्ट एकत्र जोडून वापरत असतील तर चालू मॅक अ‍ॅड्रेस दोन्हींचा सारखा दिसू शकतो, म्हणून कायमच्या मॅक अ‍ॅड्रेसवरूनच जुळवावे.

काही जण ही सर्व योजना बंद करून 'ईथ०' कडे परत जाण्याचा सल्ला देतात. कर्नलला सुरू होताना 'नेट डॉट इफनेम्स' चे मूल्य ० सांगितले की तसे होते. एकच इंटरफेस असलेल्या यंत्रात हा मार्ग निर्धोक आहे. दोन इंटरफेस असलेल्या सर्व्हरवर मात्र तो पुन्हा येण्याच्या क्रमाच्या अनिश्चिततेकडे नेतो. नव्या कर्नलमध्ये, जानेवारी २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून, एका इंटरफेसला मुख्य नावाशिवाय पर्यायी नावेही देता येतात. शायराचे नाव आणि तखल्लुस असावे तशी ही सोय आहे. मात्र आयपीटेबल्सचे नियम मुख्य नावच पाहतात, हे विसरू नये.

बदल करण्यापूर्वी आणि नंतर

कामाचे नाव दिल्यावरही हार्डवेअर बदलताना पुढील क्रम पाळल्यास अडचण टळते.

१. सर्व्हर चांगला चालू असतानाच एका वहीत प्रत्येक इंटरफेसची नोंद करावी : नाव, मॅक अ‍ॅड्रेस, आयपी अ‍ॅड्रेस, यंत्राच्या मागे कोणते पोर्ट आणि केबल कोठे जाते. 'आयपी लिंक' या आज्ञेने नावे आणि मॅक अ‍ॅड्रेस दिसतात. 'ईथटूल' ला मोठा 'पी' हा पर्याय दिला की कारखान्यातील कायमचा मॅक अ‍ॅड्रेस कळतो. ही वही सर्व्हरवर नव्हे, कपाटात ठेवावी.

२. कोणते नाव कोणत्या पोर्टचे हे ठाऊक नसेल तर 'ईथटूल' ला लहान 'पी' हा पर्याय द्यावा. बहुतेक कार्डांवर त्या पोर्टचा दिवा लुकलुकतो. मग पोर्टवर आणि केबलवर कामाच्या नावाची चिठ्ठी चिकटवावी.

३. बदलाच्या वेळी सर्व्हरला मॉनिटर आणि कीबोर्ड जोडलेले असावेत. नेटवर्कवरूनच दुरुस्ती करू गेल्यास नाव बदलताच संपर्क तुटतो.

४. नवे कार्ड बसवल्यावर इंटरनेटची केबल लगेच जोडू नये. आधी यंत्र सुरू करून नवा मॅक अ‍ॅड्रेस पाहावा आणि गरज असल्यास लिंक फाइलमध्ये तो लिहावा.

५. यंत्र सुरू होतानाच्या प्राथमिक प्रतिमेत लिंक फाइलची जुनी प्रत राहू शकते. म्हणून डेबियन व उबुंटूवर 'अपडेट-इनिटरॅमएफएस', तर रेड हॅट पद्धतीच्या प्रणालीवर 'ड्राकट' चालवून ती प्रतिमा नव्याने तयार करावी.

६. केवळ नेटवर्क सेवा पुन्हा चालू करून समाधान मानू नये. यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावे आणि नावे तीच आहेत का ते पाहावे.

७. यानंतर फायरवॉलचे नियम प्रत्यक्ष तपासावेत आणि मगच बाहेरची केबल जोडावी.

८. आपला मॅक अ‍ॅड्रेस दुसरीकडे नोंदवलेला आहे का ते पाहावे. इंटरनेट देणारी कंपनी, डीएचसीपीतील राखीव पत्ता किंवा एखाद्या सॉफ्टवेअरचा परवाना जुन्या मॅक अ‍ॅड्रेसशी बांधलेला असू शकतो. तेथे सर्व्हरवरील नाव कायम राखूनही उपयोग होत नाही. तो क्रमांक तेथेच बदलून घ्यावा लागतो.

समारोप

येण्याच्या क्रमावरून, अंगावरच्या खुणेवरून आणि जागेवरून दिलेली नावे हार्डवेअरविषयी काही सांगतात. हार्डवेअर बदलले की तेच सांगणे खोटे ठरते. कामावरून दिलेले नाव संस्थेच्या गरजेविषयी सांगते आणि गरज सहसा कार्डाइतक्या लवकर बदलत नाही. म्हणून बदलणाऱ्या वस्तूची ओळख एका छोट्या फाइलमध्ये आणि न बदलणाऱ्या कामाचे नाव बाकी सर्वत्र, ही विभागणी केली की कार्ड जळाल्याच्या दिवशी करावे लागणारे काम एका ओळीपुरते उरते.

ती ओळ कोठे आहे हे महाविद्यालयातील किमान दोन शिक्षकांना माहीत असावे आणि इंटरफेसची वही त्यांच्या हाताशी असावी. एवढी तयारी करण्यास सुटीच्या दिवसातील एक दुपार पुरते. प्रवेशाचा हंगाम सुरू होण्याआधी ती करून ठेवणे श्रेयस्कर.